फौजेकडं गेलेली देगची

१९ जुलै १९६५

वाडीची एकही मुलगी आज आली नाही. एकही! आठवीच्या नव्या वर्गात हर्सूलच्या दोन-चार मुली, रिकामे बाक आणि मी. हेडमास्तर नानासाहेब दारातून डोकावले — "काय सारजाबाई, बी.ए. होऊन बाकांना शिकवताय?" म्हणाले आणि हसले नाहीत, हेच वाईट. मुलींचा हा वर्ग त्यांनी माझ्या हट्टाखातर उघडलाय. दिवाळीआधी तपासणी आहे. तोवर नदीपलीकडच्या वाडीतल्या मुली टिकल्या तर वर्ग राहील, नाहीतर बंद. मग त्यांचं शिक्षण सातवीवर संपलं, आणि त्यापुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लग्न.

शाळा सुटल्यावर तशीच नदीत उतरले. खाम इथं लहानच आहे, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. पातळ खोचून पलीकडं गेले. वाडीत सामसूम. दारं लावलेली. द्वारकाबाईच्या दारावर थाप मारली तर आतून — "कोन हाय?"

"मी सारजा. जेलातल्या बद्रीनाथ शिपायाची लेक."

कडी निघाली. तिनं मला दंडाला धरून आत ओढलं. "फौज आलीया! नदीच्या अंगाला तंबू ठोकलेत. आमची भागी दिसली नाय ना कुणाला?"

भागू कुठं होती? कणगीत! माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी ज्वारीच्या कणगीतून डोकं काढून म्हणाली, "बाई, गणितं केलीत मी."

पोलीस ॲक्शनच्या साली द्वारकाबाई अशीच लपली होती. आधी रझाकारांच्या भीतीनं, मग लष्कराच्या. "तवा बाजरी पुरुषभर हुती. आता गुडघ्याएवढी बी नाय. लपावं कुठं माणसानं?"

मी म्हटलं, मी जाऊन बघते.

२० जुलै

इंजिनिअर कंपनी आहे! छावणीतून आलीय. पूल टाकणार आहेत — आपल्या नदीवर! एक जवान म्हणाला, "पूल डालना है, बहनजी." एवढं ऐकलं आणि मी पळतच सुटले. वाडीत दारोदार जाऊन सांगितलं, सरकारनं आपल्याला पूल दिला. आता पाणी कितीही चढो, मुली शाळेत येणार!

आबांनी ही बातमी जेलात नेली. "माझी लेक बी.ए. झाली तवा कुठं सरकारला पूल सुचला." कैद्यांना माझे सगळ्या विषयांचे गुणसुद्धा पाठ आहेत. बिचारे, पळून जाणार कुठं!

आबांनी मला शिकवलं नसतं तर मी आज कुणाच्या कणगीत असते?

२४ जुलै

पूल बघण्यासारखा आहे. लोखंडी चौकटी. एकेक उचलायला सहा गडी लागतात. चौकटीला चौकट जोडायची, जाडजूड पिना ठोकायच्या, आणि सगळा सांगाडा रुळांवरून या काठावरून पुढं ढकलायचा. टोक हवेत लोंबतं — आता पडेल, मग पडेल — आणि पडत नाही! पलीकडच्या काठाला जाऊन टेकलं तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. मीपण.

वर्गात आज सगळ्या मुली हजर. सगळ्या!

२५ जुलै

द्वारकाबाईनं आज जेवण नेलं. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा — सगळं तिच्या त्या मोठ्या पितळी देगचीत. मी दुभाषी म्हणून सोबत. गरजच पडली नाही. लंगर, म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, सांभाळतात ते हवालदार हबीब गुलबर्ग्याकडचे. चाळिशी उलटलेली, मिशी पांढरट, बोलणं शहरात आपल्या शहागंजात ऐकू येतं तसंच दखनी.

"अम्मा, हुकूम नै है. बाहर का खाना नक्को."

द्वारकाबाई माझ्याकडं बघत राहिली. "फौज खात नाय?"

"खाते, द्वारकाबाई, पण त्यांचं रेशन त्यांच्यासोबत असतं."

"खोटं बोलू नगं. फौज म्हंजी आधी चूल बघती, मग कोंबडी बघती. असली कसली फौज?" आणि देगची त्यांच्या तंबूसमोर आपटून चालती झाली. वळूनसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळी हवालदार स्वतः देगची परत घेऊन आले. घासून लख्ख. आत शक्करपारे आणि घट्ट दुधाचा एक डबा!

"ये कायकू?" मी विचारलं. माझी दखनी आबांच्या जेलातली आहे.

"खाली बर्तन कैसा देऊँ? मेरी माँ कबर में से उठ के मारेंगी मेरेकू!"

द्वारकाबाई पहिल्यांदा हसली. म्हणजे त्यांच्याकडंही तेच! भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही.

२८ जुलै

आता मात्र कमाल झाली. द्वारकाबाईकडं दुधाचा डबा आला म्हटल्यावर शेजारच्या आवडाबाईनं पातेलं पाठवलं. तिच्याकडं बिस्किटं आली. म्हणून चतुराबाईनं परात पाठवली. रिकामं कुणाचंच परत येत नाही. आणि बिस्किटं आली की पुन्हा काहीतरी द्यायला हवं, नाहीतर उपकार राहतो. मग पुन्हा भाकरी! पुन्हा बिस्किटं! आज भागूच्या डब्यात शक्करपारे होते. अख्ख्या वर्गानं चाखले. दगडासारखे कडक. पण एकदा तोंडात विरघळायला लागले की थांबवत नाही. हे खाऊन माणसं बर्फात पूल बांधतात, असं मी त्यांना सांगितलं. मलाही ते कालच कळलं होतं.

३० जुलै

कॅप्टनसाहेबांनी बोलावलं. माणूस तरुण, पुण्याकडचा, रागानं कान लाल. मुक्कामाचं अर्धंअधिक रेशन वाडीच्या भांड्यांतून गेलंय!

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे थांबवा."

मी रीत समजावून सांगितली. भांडं रिकामं देता येत नाही. जवानांचीही घरची तीच रीत. कुणी चुकलंच असं नाही. त्यांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे दोन्हीकडून संस्कारी माणसं आहेत आणि माझं कोठार रिकामं!" तेवढ्यापुरतं हसले. मग मी, मूर्ख मी, म्हणाले, "साहेब, लोकांचीही बाजू बघा. सरकारनं पूल दिला, त्याचं ऋण आहे त्यांच्यावर."

त्यांनी टोपी काढली. मग हळू म्हणाले, "हा पूल दिलेला नाही. हा सराव आहे. पावसाळ्यात पूल टाकायचा, माल वाहायचा, उतरवायचा. पुढच्या महिनाअखेर आम्ही तो काढून नेणार."

तशीच बाहेर आले.

मी दारोदार सांगितलं होतं. मी! कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. "पूल डालना है" एवढ्या शब्दांवर मी सरकारच्या वतीनं पूल देऊन बसले.

३१ जुलै

वाडीत जाऊन खरं सांगितलं. पारावर सगळे जमले होते. कुणी मला बोललं नाही. ते जास्त लागलं. मग द्वारकाबाई उठली.

"कवा नेणार?"

"पुढच्या महिनाअखेर."

"मग तवर जेवतील का नाय? पूल नेणार म्हणून काय उपाशी ऱ्हायचं का त्यांनी?" आणि देगची घेऊन चालू लागली.

घरी येऊन खूप रडले. आबा म्हणाले, "तुला वाटलं पूल दिला. दिला नाय तर नाय. पर त्या मुली आठ दिवस कोरड्या पायानं शाळंत आल्या का नाय? त्याचं काय कमी हाय का?"

२ ऑगस्ट

हुकूम निघाला. भांड्यात रेशनचा कणही घालायचा नाही. जेवण नेलं तर चालेल — कॅप्टनसाहेबांनी तेवढं चालवून घेतलं — पण देवाणघेवाण बंद.

संध्याकाळी देगची परत आली. जड! द्वारकाबाईनं झाकण काढलं. आत नदीतले गोटे. गोल, धुतलेले, वाटीत पेढे मांडावेत तसे मांडलेले.

"हे काय रं मेल्या?"

हवालदार हबीब अगदी गंभीर चेहऱ्यानं, "राशन मना है, अम्मा. पत्थर मना नै है."

द्वारकाबाई आधी संतापली. मग तिचा पदर तोंडाला गेला, आणि मग आम्ही सगळ्याच हसत सुटलो, आवडाबाई तर खालीच बसली. गोटे टाकायचे कुठं? दुसऱ्याचं दिलेलं उकिरड्यावर कसं टाकणार? जाताना द्वारकाबाईनं ते नदीच्या उतारावर, जिथं पाय घसरतो तिथं, ओतले.

५ ऑगस्ट

सगळ्यांच्या भांड्यांतून दगड. उतारावर ढीग.

९ ऑगस्ट

वर्गात इतिहास. दौलताबादचा किल्ला, त्याचा खंदक. मी कॉलेजात शिकले तेच शिकवत होते — खंदक किती खोल, तट किती उंच. भागूनं हात वर केला. "बाई, खंदक खोदणारी माणसं काय खात होती?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात नाही. कॅप्टनसाहेबांना जाऊन विचारलं. एव्हाना त्यांचा राग निवळलाय. ते म्हणाले, मोगलांच्या फौजा दख्खनेत आल्या तेव्हा बंजारे बैलांवर धान्य लादून मागं मागं यायचे. तांडा पोचला तर ठीक, नाही पोचला तर वाटेवरची गावं धुऊन निघायची. खोदणाऱ्या माणसाबद्दल त्यांनाही ठाऊक नाही. "पूल कुणी बांधला ते दगडावर कोरतात. बांधताना काय खाल्लं ते कोण कोरतंय?" असं म्हणाले.

घरी येताना विचार करत आले. द्वारकाबाईला जी फौज माहीत होती ती आधी चूल बघायची. ही फौज आपलं शिदोरीचं ओझं आपल्या पाठीवर आणते. कोरडे शक्करपारे चघळते आणि वाडीची कोंबडी वाडीतच राहू देते. मी आजवर रेशन म्हणजे सैनिकाची सोय समजत होते. खरी सोय वाटेवरच्या गावाची आहे! हे उद्या मुलींना सांगायचं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. कॅप्टनसाहेब नदीकाठी फिरत आले आणि उतारावरच्या ढिगाला बुटानं टोचत उभे राहिले.

"हे काय?"

"तुमच्या जवानांनी परत केलेली भांडी," मी म्हटलं.

"हे एका पुरात जाईल."

"मग पुन्हा टाकू," द्वारकाबाई म्हणाली.

ते तिच्याकडं बघत राहिले. मग खाली बसले, बोटानं ओल्या वाळूत रेघा काढल्या. इंजिनिअरचा जीवच तो! वाईट काम बघवेना. आधी तळ खोदायचा. मोठे दगड खाली, एकमेकांत अडकवून. पाण्याच्या उतरत्या बाजूला सगळ्यात जड. बारीक गोटे फटींत. "पाण्याला अडवायचं नाही. पूर आला की वरून जाऊ द्यायचा. तास-दोन तासांनी पाणी उतरलं की पुन्हा वाट मोकळी." फरशी म्हणतात तिला. सांडवा नाही, पूल नाही, फरशी.

"साहेब, पण रेशन—" हवालदार हबीब मागून.

"पत्थर मना नहीं है," कॅप्टनसाहेब म्हणाले.

दुपारी सुट्टी असूनही सगळी कंपनी नदीत! वाडीचे गडी पहारी घेऊन, बाया घमेली घेऊन. आबा जेलातून सुट्टी काढून आले आणि सगळ्यांना सूचना करत काठावर बसले.

२० ऑगस्ट

फरशी अर्ध्या पात्रापर्यंत. हाताला फोड आलेत. खडू धरवत नाही!

२६ ऑगस्ट

पोळा. वाडीच्या पोरांनी फौजेच्या ट्रकला झूल घातली, बॉनेटला हिंगूळ लावला, आरशांना बेगडं! ड्रायव्हर ओरडत होता, हवालदार हबीब म्हणाले, "रैने दो. हमारा बैल पेट्रोल पीता, तो क्या हुआ?" द्वारकाबाईनं ट्रकसमोर पुरणपोळी ठेवली. ती कुणी खाल्ली ते सांगायला नको.

कणगीत लपणारी भागू आज ट्रकच्या टपावर बसली होती.

३ सप्टेंबर

सगळं संपलं. सकाळी हुकूम आला. दुपारपर्यंत पूल उतरवला — बांधायला चार-पाच दिवस लागले, काढायला अर्धा दिवसही नाही. पिना काढल्याचे आवाज अजून कानात आहेत. कुठं निघालेत विचारलं तर कॅप्टनसाहेब नुसते "वर" म्हणाले.

द्वारकाबाईनं देगची भरून धावत नेली. ट्रक सुरू झाला होता. हवालदार हबीब मागच्या फळीवरून वाकले, देगची घेतली, आणि रिकामी करून द्यायला वेळच नव्हता. "अम्मा! उधार!" एवढं ओरडले. ट्रक छावणीच्या रस्त्याला न लागता स्टेशनकडं वळला.

"जाऊ दे," द्वारकाबाई म्हणाली. "देगचीचं राहू दे." पण धूळ खाली बसेपर्यंत उभी होती.

७ सप्टेंबर

रेडिओवर युद्ध. नानासाहेबांच्या घरी सगळे जमतात. द्वारकाबाई रोज नदी ओलांडून येते आणि दाराशी बसून एकच विचारते, "आपली फौज कुठं हाय?"

आपली! जुलैत हीच बाई कडी लावून बसली होती.

१२ सप्टेंबर

फरशी आम्हीच पुरी करतोय. तळ कसा खोदायचा ते वाडीला आता पाठ आहे. नानासाहेबही आज धोतर खोचून उतरले! एक दगड उचलला, कमरेत उसण भरली. घरी पोचवून आलो.

१९ सप्टेंबर

झाली! या काठापासून त्या काठापर्यंत! फक्त मधोमध एक खळगा तसाच ठेवलाय, एका दगडापुरता. चतुराबाई भरायला निघाली तर द्वारकाबाईनं हात धरला.

"ती जागा हबीबची. देगची घेऊन येईल तवा रिकामी थोडीच आणणार हाय?"

मुली तेवढ्या जागी उडी मारून येतात.

२३ सप्टेंबर

युद्ध थांबलं. रेडिओवर सांगितलं. आई देवापाशी साखर ठेवून आली. मी वाट बघत बसले, पण अजून कुणाचीच नावं कळत नाहीत.

१३ ऑक्टोबर

तपासणी. सकाळीच नदीला लोंढा. वर्गात आम्ही पाचजणी आणि तपासनीस. ते घड्याळ बघतात, नानासाहेब छताकडं बघतात. मी फळ्यावर काय लिहिलं ते देवालाच माहीत. मधल्या सुट्टीपर्यंत पाणी फरशीवरून निघून गेलं — आणि दारात भागू! तिच्यामागं सगळी रांग, पायांचे ओले ठसे वर्गभर!

"उशीर का झाला?" तपासनीसांनी विचारलं.

"पाणी वरून जाऊ द्यायचं असतं साहेब," भागू म्हणाली. "मग वाट मोकळी होते."

वर्ग राहिला. नानासाहेबांनी मला "बाई" म्हटलं, टोमणा न मारता.

कुणाकुणाचे आभार मानू? कॅप्टनसाहेबांचे, ज्यांना वाईट काम बघवलं नाही. आबांचे. जवानांचे, ज्यांना भांडं रिकामं देता आलं नाही. सराव म्हणून आलेली माणसं आम्हाला खरी वाट देऊन गेली.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. द्वारकाबाईनं शक्करपारे केले, शेजारणीची कढई मागून. कडक जमले नाहीत म्हणून नाराज.

१८ नोव्हेंबर

छावणीत विचारायला गेले होते. कंपनी परतलेली नाही. काहीजण परतणार नाहीत, असं फाटकावरचा शिपाई म्हणाला. नावं विचारली तर "मालूम नहीं." हे वाडीत सांगितलं नाही.

आज खळग्यावरून उडी मारताना बघितलं — त्यात कुणीतरी हळदकुंकू वाहिलंय. गेलेल्या माणसाच्या जागेला वाहावं तसं; मला ते आवडलं नाही. हळदकुंकू पुसून टाकलं.

१२ डिसेंबर

देगची आली! सकाळी एक जवान घेऊन आला. घासलेली, एका बाजूला मोठा पोचा. आत एकच दगड — हिरवट, आपल्याकडं असा नसतो. "हवालदार साब बोले, राशन मना है. और खाली देना नै." ते कुठं आहेत, हे द्वारकाबाईनंच विचारलं. छावणीच्या दवाखान्यात. एक पाय गेलाय. पण माणूस आहे.

तिनं दगड खळग्यात बसवला, टाचेनं ठोकला, आणि तडक घरी गेली. आता माझ्या दारात उभी आहे. कमरेवर देगची, भरलेली, झाकणाला फडकं बांधलेलं. "लिहीत काय बसलीस? फौज कुठं राहती ते दाव मला. चल, भाकरी गार व्हायल्यात!"